शिडाची होडी आणि तालमींतलें शरीर

कोल्हापूर आणि समुद्र यांच्यामध्यें सह्याद्रीची भिंत उभी आहे. तेव्हां येथील शाळेच्या वार्षिकांत शिडाच्या होडीविषयीं लेख कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनांत सहज येईल. त्यास आमचें उत्तर असें कीं, करवीराचें समुद्राशीं नातें आजकालचें नव्हे. मालवणचें बंदर आणि त्यापुढील सिंधुदुर्ग किल्ला हीं इ. स. १८१२ पर्यंत कोल्हापूरच्या छत्रपतींच्या ताब्यांत होतीं व त्यांचें आरमार तेथून समुद्रांत फिरत असे. त्या वर्षीं इंग्रजांशीं झालेल्या तहानें तीं दोन्ही हातचीं गेलीं. आणि आजची स्थिति पाहिली तर, दिवाळीच्या अथवा नाताळच्या सुटींत घाट उतरून जाणारे आपले विद्यार्थी व माजी विद्यार्थी आतां नुसते वाळूंत बसून परत येत नाहींत. कोणी राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेंत वल्हीं मारावयास आणि शीड उभारावयास शिकतो. कोणी गोव्यांतील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेंत नांव घालतो. मुंबईस नोकरीनिमित्त राहिलेले कित्येक जण रविवारीं तेथील बंदरांत हौसेनें शिडाची होडी हांकतात. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब तर इ. स. १८४६ पासूनचा आहे.

शीड कसें लावावें, वाऱ्याशीं होडीचा कोन कोणता राखावा, हें तेथील शिक्षक शिकवितात. तो या लेखाचा विषय नव्हे. आमचा प्रश्न इतकाच कीं, होडींत पाऊल ठेवण्यापूर्वीं शरीराची तयारी कोणती असावी, आणि ज्या गांवांत पेठोपेठीं तालमी आहेत त्या गांवच्या मुलाला ती तयारी आयती मिळते काय.

सामान्य समजूत अशी दिसते कीं, होडीला वारा ढकलतो आणि माणूस सुकाणू धरून बसतो. मग शरीराला काम तें काय? याच्या उलट दुसरी समजूत आमच्या गांवांत विशेष बळकट आहे. ती अशी कीं, ज्यानें मातींत अंग घोळविलें त्याला जगांत कांहींच जड नाहीं. या दोन्ही समजुती समुद्रावर पहिल्या तासांतच निकालांत निघतात. आमच्या ओळखीचा एक तरुण, ज्याच्या बैठका शेंकड्यांनीं मोजाव्या लागत, प्रथमच लहान शिडाच्या होडींत बसला. अर्ध्या तासांत त्याच्या मांड्या थरथरूं लागल्या व तो आंत येऊन बसला. शेजारच्या होडींत त्याच्या निम्म्या वजनाची एक कॉलेजांतील मुलगी मात्र सकाळभर तशीच बाहेर झुकून राहिली होती. हा चमत्कार नव्हे. त्या मुलीनें जें बळ कमावलें होतें तें आमच्या मल्लानें कधीं मागितलेंच नव्हतें.

हें कसें, तें समजण्यासाठीं होडी वाऱ्यानें उलटत कां नाहीं हें आधीं पाहिलें पाहिजे. लेझर नांवाची एका माणसाची होडी जगभर प्रसिद्ध आहे. तिचें लांकूड-दोर सोडून नुसतें अंग सुमारें ५९ किलो भरतें, म्हणजे एखाद्या कॉलेजांतील मुलाइतकें. लांबी चार मीटरांहून थोडी अधिक, रुंदी सुमारें १.४ मीटर, आणि शीड मात्र सात चौरस मीटरांचें! एवढ्या कापडावर वारा आडवा लोटूं लागला कीं होडी कलणारच. तिच्या पोटांतून पाण्यांत सोडलेली जी फळी असते ती होडीला बाजूस सरकूं देत नाहीं. परंतु कलण्याला तिचा उपाय नाहीं. मोठ्या जहाजाच्या तळाशीं शिशाचें अथवा लोखंडाचें वजन असतें. या लहान होडीला माणसाचें शरीर हेंच वजन.

समजा, ६० किलो वजनाचा मुलगा वाऱ्याच्या बाजूस कांठावर बसला. होडीच्या मध्यापासून तो सुमारें ७० सेंटीमीटरांवर असेल. तरफेच्या नियमानें ६० गुणिले ७०, म्हणजे ४२०० हा त्याच्या वजनाचा प्रभाव झाला. आतां त्यानें पायांचे पंजे होडीच्या तळाशीं लांबीनें बांधलेल्या पट्ट्याखालीं अडकविले, मांड्या कांठावर टेकल्या आणि धड पाण्यावर बाहेर टाकलें, तर त्याचा गुरुत्वमध्य आणखी ४० सेंटीमीटर तरी बाहेर जाईल. ६० गुणिले ११०, म्हणजे ६६०० झाले. वजन रतिभर वाढलें नाहीं, आणि उपयोग दीडपटीहून अधिक झाला. आपल्या कोंकणांतील नाखवा होडीच्या एका अंगास आडव्या दांड्यांनीं लांकडी उलांडी बांधून जें साधतो, तेंच हौशी नाविकाला आपल्या धडानें साधावें लागतें. कांहीं होड्यांत तर डोलकाठीपासून निघालेल्या तारेला कमरपट्टा अडकवून एक जण सर्वस्वीं बाहेर, पाण्यावर आडवा, पायांच्या आधारानें उभा राहतो. इ. स. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकाशर्यती मुंबईच्या समुद्रांत झाल्या, त्यांत फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनीं ज्या फायरबॉल जातीच्या होडींत भारतास सुवर्णपदक मिळवून दिलें, ती याच प्रकारची होडी होय.

येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा शिडावरील जोर दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. कोंकणच्या किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या व हिवाळ्याच्या दिवसांत सकाळीं मंद मतलई वारा असतो, आणि दुपारीं जमीन तापली कीं समुद्रावरून खारा वारा जोरानें येऊं लागतो. म्हणजे नवशिका जेव्हां ताजा असतो तेव्हां वारा कमी, आणि तो थकतो त्याच सुमारास वारा वाढतो. होडी बहुधा त्याच वेळीं उलटते, आणि म्हणूनच शरीराच्या तयारीस आम्ही नुसत्या हौसेची बाब समजत नाहीं.

आतां मांड्यांकडे वळूं. बैठक मारतांना मांडीचा स्नायु आवळतो आणि सैल पडतो, पुन्हा आवळतो आणि सैल पडतो. प्रत्येक वेळीं सैल पडतांच त्यांत ताजें रक्त शिरतें व श्रमानें सांचलेलीं द्रव्यें वाहून जातात. परंतु होडीबाहेर झुकलेल्या माणसाच्या मांड्या आवळलेल्याच राहतात. त्यांना सैल पडावयास सवड नाहीं. आवळलेला स्नायु आपल्यांतूनच जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबून धरतो. बागेला पाणी घालण्याच्या रबरी नळीवर आपणच पाय देऊन उभें राहावें आणि पाणी कां येत नाहीं म्हणून तक्रार करावी, तशी ही स्थिति आहे. मांडी पेटते, थरथरते, आणि शेवटीं इच्छा असूनही जागा सोडते. हें स्थिर बल बैठकांनीं येत नाहीं असें नाहीं. परंतु फार थोडें येतें. तें स्थिर राहूनच कमवावें लागतें.

त्याचा अभ्यास अगदीं साधा आहे. भिंतीला पाठ लावावी, आणि खुर्चीवर बसल्याप्रमाणें गुडघे काटकोनांत आणून, खुर्चीवांचून बसावें. प्रथम तीस सेकंद पुरे. मग एक मिनिट विसांवा. असें चार वेळां. दर आठवड्यास दहा सेकंद वाढवीत न्यावें. ज्यांनीं हें कधीं केलें नाहीं त्यांना तीस सेकंद हा हास्यास्पद आंकडा वाटेल. त्यांनीं हा लेख बाजूस ठेवून एकदां करून पाहावें. यापुढची पायरी म्हणजे शाळेंतील लांब, जड बांकाला एक रुंद पट्टा बांधून, त्याखालीं पंजे अडकवून, बांकाच्या कांठावर मांड्या टेकून मागें झुकणें. शर्यतींत भाग घेणारे नाविक अशाच बांकावर सराव करतात. गुडघे थोडे वांकलेले असावे व पावलें सरळ असावीं. पावलें बाहेर फिरवून झुकलें असतां गुडघ्याच्या वाटीवर वांकडा ताण येतो आणि ती जन्मभराची दुखणी होऊन बसते.

या स्थितींत पाठीचें काय होतें, तेंही पाहिलें पाहिजे. मांडी वर ओढून धरणारे जे स्नायु कमरेच्या कण्यापासून निघतात, तेच या वेळीं धडाला धरून ठेवतात. ते एकटेच बळकट झाले व पोट-पाठ दुबळींच राहिलीं तर कणा पुढें ओढला जातो. शिडाच्या होडीच्या नादीं लागलेल्या तरुणांच्या कंबरदुखीचें मूळ पुष्कळदां येथें असतें. म्हणून बांकावरील अभ्यासानंतर उलट बाजूचा व्यायाम अवश्य करावा. भुजंगासन व शलभासन या कामीं चांगलीं. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं ज्यांचा प्रसार केला ते सूर्यनमस्कार तर पुढें व मागें दोन्ही बाजूंनीं कण्याला वळण देणारे असल्यामुळें उत्तमच. ख्रिस्ती विद्यार्थ्यांनीं नमस्कार घालावे कीं नाहीं, असें आम्हांस अधूनमधून विचारण्यांत येतें. आमच्या मतें देवानें दिलेलें शरीर दहा स्थितींतून वांकविण्यांत कोणत्याही मुलाच्या श्रद्धेस बाध येत नाहीं; ज्याला नांव खटकतें त्यानें नांव न घेतां घालावे.

तालमींतील बाकीच्या व्यायामांपैकीं कोणता कामाचा व कोणता नाहीं? जोरांनीं छाती आणि खांदे बनतात. परंतु जोर हा ढकलण्याचा व्यायाम आहे, आणि होडींत ढकलण्याचें काम जवळ जवळ नाहींच. तेथें सर्व ओढणें. शिडाचा दोर एका हातानें धरून ठेवावयाचा, वाऱ्याची झुळूक आली कीं सोडावयाचा, लगेच पुन्हा ओढावयाचा. दुसऱ्या हातांत सुकाणूचा दांडा. म्हणून शंभर जोर काढणाऱ्यानें त्यांपैकीं वीस कमी करून तो वेळ दोर चढण्यास द्यावा. आपल्या तालमींत छताला दोर टांगलेला असतो तो हल्लीं बहुधा धूळ खात असतो, याचें आम्हांस वाईट वाटतें. दोराचा मल्लखांब ज्या मुलामुलींनीं केला आहे त्यांना तर या बाबतींत कांहींच शिकवावयास नको: बोटांची पकड, मनगट, दंड आणि अधांतरीं शरीर आवळून धरण्याची संवय, हें सर्व त्यांत एकत्र येतें. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांबाला जें रूप दिलें तें पहिलवानांसाठीं होतें. तें नाविकालाही इतकें उपयोगी पडेल असें त्यांच्या मनांतही आलें नसेल. ज्यांना दोर मिळत नाहीं त्यांनीं आडव्या बारला नुसतें लोंबकळावें व सेकंद मोजावे.

कुस्तीचा खरा फायदा मात्र निराळाच आहे, आणि तो आम्हांस बळापेक्षां मोठा वाटतो. मल्लाला समोरच्याचें वजन कोणीकडे झुकतें आहे हें डोळ्यांनीं पाहण्यापूर्वीं अंगाला कळतें. होडीही तशीच आहे. ती कलूं लागली हें बैठकीला व तळपायांना आधीं कळलें पाहिजे. डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ज्यानें दोन वर्षें जोड धरली आहे त्याला ही जाणीव लौकर येते, असा त्या विद्येच्या शिक्षकांचाही अनुभव आहे.

आणखी एक गुण आपल्या घराघरांत होता, तो झपाट्यानें नाहींसा होत आहे. तो म्हणजे उकिडवें बसणें. होडीची दिशा वाऱ्यांतून वळवितांना शीड एका बाजूचें दुसऱ्या बाजूस जातें, आणि त्याच्या तळाची आडवी काठी होडीवरून सपकन् फिरते. त्या क्षणीं नाविकानें तिच्याखालून, उकिडव्या स्थितींत, एका कांठावरून दुसऱ्या कांठावर गेलें पाहिजे. जो वांकत नाहीं त्याच्या डोक्याला ती काठी वांकावयास शिकविते. आणि हा विनोद नव्हे, कारण बेशुद्ध होऊन पाण्यांत पडलेला माणूस कितीही पोहणारा असला तरी बुडतो. आमच्या पिढींतील मुलें जमिनीवर जेवलीं, जमिनीवर शिकलीं. आजचीं मुलें बांकावरून खुर्चीवर व खुर्चीवरून पलंगावर जातात. टांचा टेकून उकिडवें बसा म्हटलें कीं निम्मीं मागें कलंडतात. त्यांनीं रोज पांच मिनिटें तसें बसून वर्तमानपत्र वाचावें. दुसरें कांहीं नको.

दम वाढविण्यासाठीं काय करावें हें कोल्हापूरकरांना सांगण्याची गरज नाहीं. ज्याच्या दाराशीं जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळ्याचा चढ आहे त्यानें धांवण्याचें यंत्र विकत घेऊं नये.

आतां पोहण्याचा विषय. या गांवाला पाण्याची परंपरा आहे. कोल्हापूरचा वीरधवल खाडे इ. स. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्यें पोहला आणि २०१० सालीं ग्वांगझौच्या आशियाई स्पर्धांत त्यानें कांस्यपदक मिळविलें, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. पंचगंगेच्या घाटावर कमरेला डबा बांधून पोहावयास शिकलेलीं मुलेंही पुष्कळ आहेत. परंतु नदींत अथवा तलावांत, लंगोट लावून, मनाला येईल तेव्हां कांठाला येणें निराळें. आणि लाटांत, अंगावर ओले कपडे व पायांत बूट असतां, कांठ दिसतो पण जवळ येत नाहीं अशा ठिकाणीं तरंगणें निराळें. होडी उलटल्यावर पोहून किनारा गांठण्याचा प्रयत्न करूं नये, हा पहिला नियम. होडी बुडत नाहीं. तिला धरून राहावें. दुरून शोधणाऱ्याला माणसाचें डोकें दिसत नाहीं, होडीचा पालथा तळ दिसतो. मग तळांतून बाहेर आलेल्या त्या फळीवर चढून, कांठ धरून, मागें रेलावें. होडी हळूहळू उभी राहते. यालाही तेंच वजन व तीच पकड लागते. त्यानंतर ओल्या अंगानें कांठावरून आंत चढावयाचें. हें एकदां कोणीही करतो. दुपारच्या वाऱ्यांत तिसऱ्या-चौथ्या वेळीं करतांना हात उचलत नाहींत, आणि मग माणूस होडीजवळच, तिला धरून, असहाय होतो. पाणी कोमट असलें तरी शरीराची ऊब तें हवेपेक्षां पुष्कळच लौकर काढून घेतें, हेंही ध्यानांत असावें. म्हणून तरंगता अंगरखा, ज्यास लाइफ-जॅकेट म्हणतात, तो न घालतां कोणीही होडींत बसूं नये. आपण चांगले पोहतों म्हणून तो नको, असें म्हणणारा विद्यार्थी आमच्याबरोबर असला तर त्याला आम्ही किनाऱ्यावरच बसवूं.

खाण्यापिण्याची गोष्ट लहान समजली जाते, ती लहान नाहीं. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायांत पौलाच्या गलबताची जी हकीकत आहे, ती आम्ही धर्मशिक्षणाच्या तासास पुष्कळदां वाचतों. पण नाविकाच्या दृष्टीनें ती एकदां वाचून पाहावी. वादळाचे चौदा दिवस गलबतावरील लोकांनीं धड अन्न घेतलें नव्हतें. किनारा जवळ आल्याचें कळतांच पौलानें त्यांस आधीं जेवावयास लावलें, कारण त्यांचा बचाव त्यावर होता. मग ज्यांना पोहतां येत होतें त्यांनीं प्रथम उड्या टाकल्या व बाकीचे फळ्यांवर आणि मोडक्या तुकड्यांवर तरून गेले. दोनशें शहात्तर माणसें माल्टा बेटास सुखरूप लागलीं. उपाशी माणसांकडून हें झालें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. हौशी नाविकानेंही रिकाम्या पोटीं समुद्रावर जाऊं नये. तसेंच तिखट-तेलकट मटणाचें पोटभर जेवण करूनही जाऊं नये. कोल्हापूरच्या माणसाला दुसरा उपदेश पहिल्यापेक्षां कठीण जातो. भाकरी, केळें, भाताची पेज असें हलकें अन्न दोन तास आधीं घ्यावें. समुद्रावर वाऱ्यामुळें घाम वाळतो आणि तो गेलाच नाहीं असें वाटतें. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहतां दर अर्ध्या तासानें पाणी प्यावें. मीठ घातलेलें कोकमाचें सरबत कोंकणांतील लोक उन्हाळ्यांत पितात, त्यांत शहाणपण आहे.

समुद्र लागण्याची म्हणजे मळमळण्याची भीति पुष्कळांना असते. डोळ्यांना होडीचा तळ स्थिर दिसतो आणि कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय सांगतें कीं सर्व हालत आहे. या दोन साक्षींचा मेळ बसत नाहीं म्हणून हा विकार होतो. दृष्टि दूर क्षितिजावर ठेवावी, होडीच्या तळाकडे टक लावूं नये, आल्याचा तुकडा चघळावा. यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. ट्रफाल्गारचा विजेता नेल्सन यालाही समुद्र लागत असे.

आतांपर्यंत आम्ही दोन-तीन तासांच्या सहलीविषयीं बोललों. लांबच्या प्रवासांत शरीराची कसोटी आणखी निराळी होते. गोव्यांत बांधलेल्या 'म्हादेई' या सुमारें १७ मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेंतून कमांडर दिलीप दोंदे यांनीं २००९-१० सालीं मुंबईहून निघून, चार बंदरांस थांबत, एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारे ते पहिले भारतीय. २०१७-१८ सालीं 'तारिणी'मधून नौदलाच्या सहा स्त्री-अधिकाऱ्यांनीं, आणि पुढें २०२४-२५ सालीं त्याच नौकेंतून दिल्ना के. व रूपा ए. या दोघींनींच, तीच प्रदक्षिणा पुरी केली. या प्रवासांत बळापेक्षां झोंप महत्त्वाची ठरते: तुकड्या-तुकड्यांनीं निजून, हांक येतांच उठून, दोर अचूक हातीं घ्यावा लागतो. आमच्या विद्यार्थिनींच्या पालकांनीं हीं नांवें वाचून ठेवावीं. म्हणजे मुलीचें अंग नाजूक असतें म्हणून तिला शाळेच्या मैदानावर पाठवूं नका, असें पत्र लिहिण्यापूर्वीं ते क्षणभर थांबतील. आणि तयार शरीराचा उपयोग केवळ अपघात टाळण्यापुरता नसतो. कमांडर अभिलाष टॉमी यांची नौका २०१८ सालीं दक्षिण हिंदी महासागरांतील वादळांत सांपडून डोलकाठी मोडली व त्यांच्या पाठीचा कणा दुखावला. ते पुन्हा चालावयास शिकले, आणि २०२२-२३ सालीं तीच एकट्यानें जगाभोंवतीं फिरण्याची शर्यत दुसऱ्या क्रमांकानें पुरी केली. सर्व श्रेय त्यांच्या मनाला देणारे लोक त्यांनीं केलेल्या रोजच्या कंटाळवाण्या व्यायामाला विसरतात.

आमच्या वयाच्या वाचकांसाठीं दोन शब्द वेगळे लिहिणें जरूर आहे, कारण मुंबई-पुण्याकडील आमचे माजी विद्यार्थी आतां चाळिशी ओलांडून गेले आहेत व हा शौक बहुधा त्याच वयांत, हातांत चार पैसे आल्यावर सुरू होतो. स्नायु आवळून स्थिर धरला म्हणजे हृदयाचे ठोके वाढतात आणि रक्तदाब एकदम वर जातो. श्वास रोंखून धरला तर अधिकच. सहा दिवस टेबलाशीं बसून सातव्या दिवशीं एकदम होडीबाहेर लटकणें हें या वयांत धोक्याचें आहे. त्यांनीं आधीं डॉक्टरांकडून हृदय व रक्तदाब तपासून घ्यावा, भिंतीजवळच्या अभ्यासांत मोठ्यानें आंकडे मोजावे म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो, आणि समुद्रावर शीड लहान करण्यास लाजूं नये. तरुण आपलें अंग बाहेर टाकून वाऱ्याला उत्तर देतो. प्रौढानें कापड कमी करून द्यावें. होडी दोघांचीही सरळच चालते.

राहिला प्रश्न वेळेचा. जूनपासून कोंकणांत होड्या किनाऱ्यावर ओढून झांपांखालीं झांकल्या जातात व नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद असतो. हौशी माणसानें तर पाऊस सरून ऑक्टोबर उजाडेपर्यंत तिकडे पाहूंच नये. म्हणजे पावसाळ्याचे चार महिने तयारीस मोकळे मिळतात, आणि त्या दिवसांत कोल्हापुरांत घराबाहेर फारसें कांहीं करतां येतही नाहीं. शाळा उघडतांच भिंतीचा अभ्यास व दोर सुरू करावे, श्रावणानंतर बांकावरचा अभ्यास धरावा, पोहणें तलावांत वर्षभर चालू असावें. दिवाळीच्या सुटीपूर्वीं जो विद्यार्थी भिंतीला टेकून दीड मिनिट, चार वेळां, बसूं शकतो, बारला एक मिनिट लोंबकळतो, टांचा टेकून उकिडवा बसून उठतो, आणि शर्ट-पँटसह दोनशें मीटर पोहून वर दहा मिनिटें एका जागीं तरंगतो, त्याच्या पालकांना आम्ही शिबिरासाठीं संमतिपत्रावर सही करावयास सांगूं. ज्याला यांतील तीन जमतात आणि पोहणें जमत नाहीं, त्यानें पुढील वर्षीं यावें.